कॉलेजच्या वार्तापत्राची पानं कशात लावावीत?

"ताई, आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. आम्ही आठ-नऊ जण मिळून दर दोन महिन्यांनी चार पानांचं वार्तापत्र काढतो. आतापर्यंत मजकूर गावातल्या डीटीपीवाल्या काकांकडे नेऊन द्यायचो. मागच्या अंकात वसतिगृहाच्या पाण्यावरची माझी बातमी जागा पुरेना म्हणून शेवटून कापली गेली आणि नेमका महत्त्वाचा परिच्छेद गेला. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं ते वेगळंच. आता ६ जानेवारीचा पत्रकार दिनाचा अंक आम्हाला स्वतः लावायचा आहे. एक जण म्हणतो इनडिझाइन, एक म्हणते कॅनव्हा, सर म्हणतात वर्डमध्येच करा. लॅबमध्ये विंडोजचे दोन जुने संगणक वापरायला मिळतात, पैसे जवळजवळ नाहीत. काय घ्यावं?"
– एसवायबीएची एक विद्यार्थिनी

पानं स्वतः लावायचं तुम्ही ठरवलंत याचा मला फार आनंद झाला, आणि तो पैसे वाचतील म्हणून नाही. पहिल्या पानावर काय जाणार, कोणत्या फोटोला दोन कॉलम मिळणार, जास्तीच्या आठ ओळी कुठून काढायच्या, हे सगळं पान लावतानाच ठरतं. डीटीपीवाले काका शेवटून कापतात, कारण त्यांना बातमी माहीत नसते; त्यांच्यापुढे फक्त न मावणारा मजकूर असतो. वसतिगृहात किती दिवस पाणी आलं नाही हे जिने जाऊन विचारलं, तिनेच त्या आठ ओळी निवडायला हव्यात. पान लावणं हे संपादनाचंच शेवटचं काम आहे, ते संपादकांच्या हाती असायला हवं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्क्रायबस घ्या, १.६ किंवा त्यापुढची स्थिर आवृत्ती. ते पानं लावायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं आणि छापखान्याला हवी तशी पीडीएफ देतं. आवृत्तीचा आकडा मुद्दाम सांगतेय. जुन्या १.४ मालिकेत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळत नसत, आणि "स्क्रायबसमध्ये मराठी येत नाही" असं सांगणारे बहुतेक जण त्याच काळातला अनुभव सांगतात. पुढे अक्षरजुळणीचा भाग नव्याने लिहिला गेला आणि १ जानेवारी २०२४ ला आलेल्या १.६.० पासून तो स्थिर आवृत्तीत मिळू लागला. दोन्ही संगणकांवर एकच आवृत्ती टाका, कारण १.६ मधली फाइल १.४ मध्ये उघडत नाही.

एवढ्यावर माझ्या शब्दावर विसंबू नका. कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ही ओळ टाका आणि एकेक अक्षर पाहा: "वाऱ्यावर, कुऱ्हाड, तऱ्हा, सूर्य, सर्वांनी, राष्ट्र, हृदय, वाङ्मय, उद्ध्वस्त, क्लृप्ती, शृंगार, ॲप, ऑफिस." पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडली, राष्ट्रमधला पाय मोडका दिसला, रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले किंवा 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन आला, तर ते सॉफ्टवेअर किंवा तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही. हीच ओळ पीडीएफ करून पुन्हा पाहा आणि मग कागदावर छापून पाहा. पडद्यावर बरोबर असलेलं पीडीएफमध्ये बिघडू शकतं.

काकांकडे 'वाऱ्यावर' का बिघडलं असेल, हेही समजून घे. गावोगावच्या डीटीपी केंद्रांत अजूनही पेजमेकर ७ दिसतो. १९८५ मध्ये आलेल्या या सॉफ्टवेअरने छपाईचं जग बदललं, पण त्याचा विकास २००४ मध्येच थांबला. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत, समजत नाही, म्हणून त्यात जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरतात. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. वर फक्त देवनागरीचे तुकडे काढलेले असतात. तुम्ही फोनवर किंवा गूगल डॉक्समध्ये लिहिता ते मात्र युनिकोड. एकातून दुसऱ्यात जायला मधे कन्व्हर्टर लागतो, आणि तिथे पहिला बळी जातो तो अर्ध्या 'ऱ'चा, मग रफार-अनुस्वारांचा. म्हणजे मजकूर तुम्ही शुद्ध दिलात तरी तो वाटेत बिघडतो आणि प्रूफ नव्याने वाचावं लागतं. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधताही येत नाही. पाच वर्षांनी कुणी वसतिगृहाच्या पाण्याबद्दल आधी काय छापून आलं होतं ते शोधायला बसलं, तर तुमचा अंक त्याला सापडायला हवा. म्हणून लिहिण्यापासून पीडीएफपर्यंत सगळं युनिकोडमध्येच राहू द्या. माझ्या लेखी ही अट सगळ्यांत मोठी आहे.

इनडिझाइन म्हणणारा तुमचा मित्र चुकीचं बोलत नाही. व्यावसायिक कामात त्याचाच दबदबा आहे, आणि २०१२ च्या सीएस६ पासून त्यात मराठीसकट दहा भारतीय भाषांची सोय आहे. फक्त परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' ही अक्षरजुळणीची सेटिंग लावावी लागते. ती न लावल्यामुळे जोडाक्षरं तुटतात आणि लोक फॉन्टला नावं ठेवतात. पण इनडिझाइन भाड्याने मिळतं. भाडं थकलं की सॉफ्टवेअर बंद, आणि मग तुमच्याच जुन्या अंकांच्या फाइली तुम्हाला उघडता येणार नाहीत. कॉलेजने रीतसर परवाना घेतलेला असेल आणि तो पुढेही चालू राहणार असेल, तर जरूर शिका, नोकरीला उपयोगी पडेल. नसेल तर चोरीची प्रत लॅबमध्ये टाकू नका. वसतिगृहाच्या खर्चाचा हिशेब मागणारं वार्तापत्र स्वतः चोरीच्या सॉफ्टवेअरवर निघत असेल, तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये तुमच्याकडे उत्तर नसेल. शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात, आणि लॅब तुमच्यापुरती नाही.

कॅनव्हा सोपं आहे, त्यात देवनागरी फॉन्टही चांगले आहेत. अंक आल्याचं पोस्टर, इन्स्टाग्रामवरची चौकट यांसाठी ते खुशाल वापरा. बातमीपत्राला ते पुरत नाही, कारण तिथे एका चौकटीत न मावलेला मजकूर पुढच्या चौकटीत आपोआप वाहत नाही. तीन कॉलमांची बातमी हाताने तीन तुकड्यांत चिकटवायची आणि वरच्या परिच्छेदात एक वाक्य वाढवलं की तिन्ही तुकडे पुन्हा जुळवायचे. ऐन वेळी दुरुस्ती आली की त्यातच रात्र जाते. छपाईच्या चार शाईंतली पीडीएफही तिथे पैसे भरल्याशिवाय मिळत नाही.

सरांचं म्हणणं मी टाकून देणार नाही. मोजकेच फोटो आणि सरळ दोन कॉलम असतील तर वर्ड किंवा त्याच्यासारख्याच, फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिस रायटरमध्ये नीटस अंक निघतो, आणि मराठी तिथे व्यवस्थित दिसतं. ६ जानेवारीला तीनच आठवडे उरले असतील आणि कुणालाच काही येत नसेल, तर हा एक अंक रायटरमध्ये लावा. फोटो थोडा सरकवला की अख्खं पान विस्कटतं, हा त्रास मात्र सोसावा लागेल.

लॅबमधल्या ऑफिसबरोबर पब्लिशर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आलेलं असेल, तर त्याच्या नादी लागू नका. ऑक्टोबर २०२६ नंतर त्याचा आधार बंद होईल असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. ॲफिनिटी हे याच कामाचं सॉफ्टवेअर २०२५ पासून फुकट झालं म्हणून कुणी सुचवेल. देखणं आहे, पण त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची जोडाक्षरं जुळत नव्हती. वरच्या ओळीची परीक्षा घेतल्याशिवाय त्यावर वेळ घालवू नका.

स्क्रायबसवर खरंच वर्तमानपत्र निघतं का, ही शंका सर काढतील. त्यांना केरळातल्या 'जनयुगम'चं उदाहरण सांग. या मल्याळम दैनिकाने २०१९ मध्ये पेजमेकर आणि जुने फॉन्ट सोडून आपली पानं स्क्रायबस आणि युनिकोडवर आणली. मल्याळम लिपीची जोडाक्षरं आपल्यापेक्षा सोपी नाहीत, आणि दैनिकाला तर रोज रात्री ठरल्या वेळी पानं सोडावी लागतात. तुमच्याकडे दोन महिने असतात.

स्क्रायबसच्या अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर पहिल्याच दिवशी तुम्ही वैतागून सोडून द्याल. ते वर्डसारखं वागत नाही. आधी चौकट काढायची, मग त्यात मजकूर आणायचा. फोटोची चौकट वेगळी. तक्ते त्यात कटकटीचे आहेत, क्रीडा स्पर्धेचे निकाल साध्या टॅब देऊन लावा. विंडोजवर घोस्टस्क्रिप्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, नाहीतर छपाईची पूर्वझलक दिसत नाही. मजकूर वर्डमधून थेट आणण्यापेक्षा साध्या टेक्स्ट फाइलमधून, युटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडून आणा. म्हणजे वर्डमधले नको ते रंग आणि टाइप सोबत येत नाहीत. आणि फोटो फाइलच्या आत साठत नाहीत, स्क्रायबस फक्त त्यांचा पत्ता लक्षात ठेवतं. पेनड्राइव्हवर नुसती पानाची फाइल घेऊन दुसऱ्या संगणकावर गेलात की फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील. फाइल मेनूत 'कलेक्ट फॉर आउटपुट' आहे. त्याने पान, फोटो आणि सांगितलं तर फॉन्टही एका फोल्डरमध्ये येतात. रोज काम संपवताना ते करायची सवय लावून घ्या.

सगळ्यांत जास्त वेळ पहिल्या अंकाच्या साच्यावर द्या. आधी डमी, म्हणजे पानांचा कच्चा आराखडा, काढा, कागदावर, पेन्सिलीने. ए३ कागद मधोमध दुमडला की ए४ आकाराची चार पानं होतात, गावच्या छापखान्यालाही ते सोयीचं पडतं. चारी बाजूंना १२ मिलिमीटर समास, तीन कॉलम आणि कॉलमांमध्ये ५ मिलिमीटर जागा सोडली, तर एक कॉलम सुमारे ५८ मिलिमीटरचा होतो. त्यात ११ पॉइंटचा मजकूर लावला की ओळीत चार-पाच मराठी शब्द बसतात. एवढ्या अरुंद कॉलमात दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट धरलात, तर शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतील, कारण आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात: 'विद्यार्थ्यांसाठीच्या' एकटाच अर्धी ओळ खातो. डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवा. वाचायला ते सुखद असतं. शब्द आपोआप तोडण्याची सोय बंद करा.

ओळींमधलं अंतर इंग्रजी वार्तापत्र पाहून ठरवू नका. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ११ पॉइंटला इंग्रजीत १३ पॉइंट अंतर चालून जातं. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. १५ पॉइंट ठेवा. पानावर मजकूर कमी मावेल, पण तो वाचला जाईल. पुढे जागा कमी पडली की हे अंतर घटवायचा मोह होईल. तेव्हा बातमी कापा, अंतराला हात लावू नका.

बातमीच्या मजकुराला 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मला आवडतो. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि 'ल', 'श' ही अक्षरं आपल्या वळणाची देतो. बऱ्याच फॉन्टांत मुळात हिंदी वळण असतं आणि मजकुराची भाषा मराठी निवडली तरच आपलं वळण येतं. इथे ती धडपड करावी लागत नाही. त्यात ठळक अक्षर नाही, म्हणून मथळ्यांसाठी मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' घ्या. त्याची सात वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे सात प्रकार, आहेत, पैकी ठळक आणि अतिठळक तुम्हाला पुरतील. मजकुराला एक, मथळ्याला एक, बस्स. तिसरा फॉन्ट सणाच्या अंकातही नको. हे दोन्ही मुक्त परवान्याचे असल्याने अंकाच्या फोल्डरमध्ये त्यांची प्रत ठेवता येते, पुढच्यांना शोधावं लागत नाही.

हे सगळं स्टाइलमध्ये, म्हणजे एकदा ठरवून नाव दिलेल्या टाइप आणि आकारात, बांधा: मजकूर, मोठा मथळा, लहान मथळा, बायलाइन (लिहिणाऱ्याचं नाव), फोटोओळ. प्रत्येक परिच्छेदाला हाताने टाइप आणि आकार देत बसलात, तर चार पानांवर चार तऱ्हेची 'फोटोओळ' दिसेल. अंकाचं नाव, पान क्रमांक, तारीख मास्टर पानावर ठेवा, तिथलं सगळं प्रत्येक पानावर आपोआप येतं. मग सगळं पुसून रिकामा साचा वेगळ्या नावाने जतन करा. पुढचा प्रत्येक अंक त्या साच्यावरून सुरू करायचा.

साचा तयार झाला की एक कॉलम पूर्ण भरून त्यातले शब्द मोजा. तुझ्या कापल्या गेलेल्या परिच्छेदावर खरा इलाज हा आहे. एका कॉलममध्ये किती शब्द मावतात हे कळलं, की संपादकाने बातमी सोपवतानाच शब्दमर्यादा सांगायची. लिहिणारीला आधी माहीत असेल, तर महत्त्वाचं ती वर घेईल आणि कापायची वेळ आलीच तर तिला फोन करता येईल. मजकूर गूगल डॉक्सवर गोळा करा, शुद्धलेखन तिथेच दोघांनी तपासा आणि मगच पानावर आणा. पान लावायला घेतल्यावर शब्दांची दुरुस्ती फक्त पान लावणाऱ्याने करायची. नाहीतर डॉक्समधली बातमी वेगळी आणि पानावरची वेगळी होते आणि छापून आल्यावर भांडण लागतं.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, ते दाबून लहान होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन कॉलमचा फोटो साधारण १२ सेंटिमीटर रुंद असतो, त्याला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १४०० पिक्सेल रुंदी लागते. छपाई एकरंगी असेल तर फोटो आधी गिम्प या फोटो सुधारायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करडे करून थोडे उजळ करा. वर्तमानपत्री कागद शाई पितो, चेहरे काळवंडतात.

पानं लावायला बसण्याआधी दोघी-तिघींनी छापखान्यात जाऊन या. ऑफसेट की डिजिटल, एकरंगी की चाररंगी, पानं एकेक द्यायची की जोडून, कडेपर्यंत फोटो असेल तर किती जास्त सोडायचं (बहुधा ३ मिलिमीटर सांगतील), हे विचारा. पानं एकेक, १ ते ४ अशा क्रमाने मागितली तर फार चांगलं, जोडणी तेच करतील. कॉलेजच्या झेरॉक्सवर ए३ कागदावर काढणार असाल, तर बाहेरच्या बाजूला डावीकडे ४ आणि उजवीकडे १, आतल्या बाजूला २ आणि ३. चाररंगी छपाई असेल तर मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा आहे ना, ते छपाईच्या पूर्वझलकीत एकेक शाई बंद करून बघा. चारही शाईंनी बनलेला काळा छापताना जरा जरी हलला, तरी मात्रा आणि अनुस्वार दुहेरी दिसतात. छापखान्यातले काका पीडीएफऐवजी "ओपन फाइल द्या" म्हणतील, म्हणजे बदलता येणारी मूळ फाइल. नम्रपणे नाही म्हणा. ती त्यांच्याकडे उघडली गेली की मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टात जाण्याची वाट मोकळी होते. छपाईतलं त्यांना तुमच्यापेक्षा खूप जास्त कळतं, कागद आणि शाई त्यांच्याकडूनच शिका. अक्षरं मात्र पीडीएफमध्ये बंद करूनच त्यांच्या हाती द्या.

लॅबमध्ये सॉफ्टवेअर टाकायला प्रशासकाचा पासवर्ड लागेल. लॅबवाल्या सरांना लेखी अर्ज द्या, त्यात सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त परवान्याचं असल्याचं लिहा, म्हणजे त्यांना परवानगी द्यायला अडचण राहणार नाही.

तू एसवायला आहेस. दीड वर्षाने तू कॉलेजातून जाशील आणि पान लावणं तुला एकटीलाच येत असेल, तर पुढची मुलं पुन्हा काकांच्या दुकानात जातील. म्हणून पहिल्या अंकापासून एफवायची एक जोडी शेजारी बसव. पहिली तीन पानं तू लाव, चौथं त्यांना लावू दे. वाकडं लागलं तरी उठून माउस हातात घेऊ नकोस, तोंडाने सांग. साचा, दोन्ही फॉन्ट, छापखान्याने सांगितलेली मापं आणि कोणत्या आवृत्तीत काम केलं त्याची नोंद, हे सगळं एका फोल्डरमध्ये वार्तापत्राच्या सामायिक गूगल खात्यावर ठेवा, कुणाच्या खासगी खात्यावर नको. त्या खात्याचा पासवर्ड सल्लागार प्राध्यापकांकडे लिहून द्या.

जानेवारीचा अंक छापून आला की एक प्रत आणि त्याची पीडीएफ मला पाठव. मी 'वाऱ्यावर' कुठे आहे ते शोधून बघेन.